सुमेधा दीदीची उत्तरं

जयेंद्रगंज, लष्कर, ग्वाल्हेर
७ जुलै २०२५

चि. सौ. अवंतिका हिस अनेक आशीर्वाद.

तुझी आई जाऊन आज चार महिने झाले. तू अकराव्या दिवशी, तेरावं व्हायच्या आत, श्रुतीला हाताला धरून निघून गेलीस. भटजी बसलेले, बाहेरच्या खोलीत माणसं बसलेली, आणि मुलगी बॅग घेऊन रिक्षात. मी सगळ्यांना सांगितलं की नातीला ताप भरलाय आणि इंदूरचा तिचा डॉक्टरच तिला मानवतो. शेजारचे मुकुंदराव म्हणाले, "मुलगी फार मनाला लावून घेते हो." मी हो म्हटलं. तुझ्या वतीनं खोटं बोलायची मला जुनी सवय आहे.

फोनवर तू माझा नंबर बंद केला आहेस, म्हणून टपालानं लिहितो.

मी तुला आईच्या साड्या काढायला तिचं कपाट उघडायला सांगितलं होतं, माझं नव्हे. माझ्या कपाटाच्या खालच्या खणातून तू खाकी कागदाचं एक पुडकं नेलंस, ज्यावर 'विद्यापीठ, उत्तरपत्रिका' असं लिहिलेलं आहे. त्यात तुझी तेवीस पत्रं आहेत, आणि सुमेधा दीदीनं दिलेल्या उत्तरांच्या माझ्या हातच्या कच्च्या प्रती. तू म्हणशील, पत्रं माझी. माझं मत वेगळं आहे. पत्र टाकलं की ते ज्याला लिहिलं त्याचं होतं. तू ती दीदीला लिहिली होतीस, आणि दीदी मी होतो.

ती परत पाठव. जपून बांध, पहिल्या काहींचे कागद आता ठिसूळ झालेत.

जाताजाता, तेराव्याच्या सामानाच्या यादीत तू 'यज्ञोपवीत' चुकीचं लिहिलं होतंस. पंधराव्या वर्षी तुझं लेखन याहून शुद्ध होतं.

तुझा,
बाबा

२९ जुलै २०२५

चि. अवंतिका,

तुझं पाकीट मिळालं. आत माझंच पत्र होतं, चार तुकडे केलेलं. म्हणजे वाचलंस. न वाचणारा माणूस पाकीट फोडत नाही.

तुला वाटत असेल मी तुझ्यासाठी सापळा लावून बसलो होतो. तसं नव्हतं, आणि तेवढं तरी तुला कळायला हवं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी, गरिमा, दिल्लीला 'अल्हड' नावाच्या हिंदी मासिकात उपसंपादक होती. तेच मासिक, जे तू आणि सोनिका दप्तरात लपवून फिरवायचात. त्यांची मुलींच्या प्रश्नांना उत्तरं देणारी बाई लग्न होऊन गेली. गरिमानं मला विचारलं, "सर, तुमची भाषा गोड आहे. आणि तुमच्या घरी मुलगी आहे." सदरावर जो हसरा चेहरा छापायचे तो कुठल्याशा साडीच्या जाहिरातीतून कापलेला होता. महिन्यातून एकदा दिल्लीहून पत्रांचा गठ्ठा यायचा. घरी मी उत्तरपत्रिका म्हणायचो. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दुपारी, तास संपले की, मी सुमेधा दीदी व्हायचो. हिंदीचे इतर प्राध्यापक शेजारी बसून ऊस चघळत असायचे.

गरिमानं पहिल्याच भेटीत नियम सांगितला होता. "उत्तर वाचून मुलीला बरं वाटलं पाहिजे सर, पण पूर्ण नाही. पूर्ण बरी झालेली मुलगी पुढचा अंक कशाला घेईल?" दीदी रंगाबद्दल लिहायची तेव्हा समोरच्या पानावर मलम असायचं. केसांबद्दल लिहिलं की तेल. मधल्या पानांवर ज्या मुली असायच्या त्या सगळ्यांची मान सारखीच लांब होती, ते संगणकावर करायचे. पत्रं कमी पडली तर आम्हीच लिहायचो, कारण लिहायला अवघड नव्हतं. जबलपूर असो की मुझफ्फरपूर, प्रत्येक मुलीचा प्रश्न एकच होता : मी आहे तशी चालेन का? आणि आम्ही दर महिन्याला उत्तर द्यायचो : जवळजवळ.

ऑगस्ट २००३ च्या गठ्ठ्यात तुझं पत्र निघालं. सही होती 'एक परेशान लड़की, ग्वालियर'. पत्र हिंदीत, पण त्यातला 'ल' मराठी वळणाचा, आणि 'श' सुद्धा. हिंदी शाळेतल्या मुलीचा ल असा कसा? आईनं पाटीवर गिरवून घेतला म्हणून. तू ते लष्करच्या टपालपेटीत टाकलंस, ते दिल्लीला गेलं, आणि ज्या पोस्टमननं पेटीतून काढलं त्यानंच पंधरा दिवसांनी आपल्या दारात आणून दिलं.

तू लिहिलं होतंस की तुझ्या वरच्या ओठावर लव आहे, वर्गातल्या मुली तुला 'भाईसाहब' म्हणतात, आणि हे विचारण्यासारखं घरात कुणी नाही.

त्या संध्याकाळी तू माझ्यासमोर जेवायला बसलीस. काकडीची कोशिंबीर परत मागितलीस. मी तुझ्या ओठाकडे पाहिलं. खरंच होती.

बाप म्हणून मी काय करायला हवं होतं ते मला कळत होतं. पण पत्र फार चांगलं होतं. गरिमाला असंच हवं असायचं, म्हणून मी ते छापायला दिलं. दीदीनं लिहिलं, "घाबरू नकोस सोनपरी, हे सगळ्यांना होतं. पण लक्षात ठेव, जग आधी चेहरा बघतं, मन बघायला थांबणारे थोडेच." अंक आला तेव्हा तू घरी येऊन आईला म्हणालीस, ग्वाल्हेरच्या कुणा मूर्ख मुलीचं पत्र आलंय, सगळा वर्ग हसत होता. तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. आईनं पाठ थोपटली. मी पेपर वाचत होतो.

बाबा

२४ ऑगस्ट २०२५

चि. अवंतिका,

या वेळी तुकडेही आले नाहीत. तरी लिहितो. मला आता दुसरं काम नाही.

तुला दीदी आवडली. तू खासगी उत्तर मागितलंस आणि पत्ता सोनिकाचा दिलास, खासगी बाजार मोहल्ल्यातला. तिच्या घरी कुणी काही विचारत नसे. मी उत्तरं हातानं लिहायचो, दिल्लीच्या कार्यालयात ती टाइप होऊन दीदीच्या सहीनं सोनिकाकडे जायची. चौदा महिन्यांत तेवीस पत्रं. काही सहा-सहा पानांची.

घरी तू माझ्याशी काय बोलायचीस? "हो बाबा." "नाही बाबा." "चहा ठेवलाय." आणि दीदीला तू लिहायचीस की बाबा खोकले की मी उगाच पुस्तक उघडते. की बाबा चांगले आहेत पण त्यांच्यासमोर माझं डोकं रिकामं होतं. एका पत्रात लिहिलं होतंस, "दीदी, आप मेरी माँ होतीं तो कितना अच्छा होता." हे मी स्टाफरूममध्ये वाचलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. माझ्या आयुष्यात मला कुणी असं काही म्हटलेलं नाही. हसू नकोस.

हॉकीचं सांगतो. तुझ्या मनात तेच असणार.

तुझी सतरा वर्षांखालच्या संघाच्या शिबिरासाठी निवड झाली. भोपाळ, तीन महिने. तू घरी भीतभीत सांगितलंस. मी काय म्हणालो ते आठव. "जा की. मी कुठं नाही म्हणतो?" आईनं त्याच आठवड्यात तुझ्या मोज्यांना नवीन इलास्टिक घातलं आणि डिंकाचे लाडू वळायला घेतले. तू मला नमस्कार केलास. मुकुंदराव म्हणाले, असा बाप पाहिजे.

आणि दीदीला तू विचारलंस, जाऊ का?

त्या महिन्यात 'अल्हड'मध्ये एक चाचणी होती : तुम किस टाइप की लड़की हो? दहा प्रश्न, शेवटी गुणांप्रमाणे चार गट. तुझा गट निघाला 'टॉमबॉय', आणि खाली लिहिलं होतं की मुलं तुला दोस्त मानतात, बस. ती चाचणी मी लिहिली नव्हती, पण तिचा उपयोग केला. दीदीनं तुला लिहिलं, "मैदान सोड असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त एकदा आरशासमोर उभी राहा, गुडघ्याखाली बघ, हातांचा रंग बघ, आणि मग स्वतःच ठरव की पाच वर्षांनी तुला कोण व्हायचंय. तुझी दीदी तुझ्या प्रत्येक निर्णयात तुझ्याबरोबर आहे."

तू स्वतःच ठरवलंस. स्टिक माळ्यावर टाकलीस. आईनं विचारलं तर तिच्यावर ओरडलीस की मला मुलगा बनवायचंय का तुला? लाडू मुंग्यांनी खाल्ले.

आता तू विचारशील, का? मी स्वतःला बरीच कारणं दिली होती. ऊन, परगाव, तिथं कोण कसं वागेल. मी एकदा मैदानाच्या जाळीबाहेर उभं राहून तुझा सामनाही पाहिला होता, तुला माहीत नाही. तू दोघींच्या मधून चेंडू काढलास आणि पळालीस, आणि माझ्या शेजारचा अनोळखी माणूस म्हणाला, "ये लड़की जाएगी." त्याचं बरोबर होतं. तू गेली असतीस. शिबिरात मुलींना पत्रं लिहायला वेळ नसतो. दीदीला पत्रं आली नसती.

परवा किला गेटपाशी सोनिका भेटली. रेल्वेत आहे, संध्याकाळी मुलींना हॉकी शिकवते. केस पांढरे झालेत, रंगवत नाही. म्हणाली, "अवंती मुझसे तेज थी, सर." मी म्हटलं, "हो, होती."

बाबा

३१ ऑगस्ट २०२५

अवंतिका,

आज तुझ्या आईची मासिक तिथी. मुकुंदरावांच्या घरून डबा आला. मी एकटा जेवलो. तेव्हा आता आईबद्दलच लिहितो.

हॉकी सुटली तसं तुझं वजन थोडं वाढलं. मग 'अल्हड'मध्ये तो तक्ता आला, 'नौ दिन में नई तुम'. तू नऊ दिवसांवर थांबली नाहीस. दीदीला तू सगळं कळवायचीस. काय खाल्लं नाही, कुठं टाकलं, आईला कसं फसवलं. विसाव्या पत्रात तू लिहिलंस की सोनिका आता तुझ्याशी बोलत नाही, तिला जळफळाट होतोय. दीदीनं लिहिलं, तसंच असतं, सुंदर मुली एकट्या पडतात. एकविसाव्या पत्रात तू लिहिलंस, "दीदी, आज शाळेचा जिना चढताना दिसायचं बंद झालं. सगळं पांढरं. मतलब असर हो रहा है ना?"

ते पत्र माझ्या टेबलावर तीन आठवडे होतं.

त्याच तीन आठवड्यांत आई एकदा माझ्या खोलीत आली. ती सहसा येत नसे. म्हणाली, "अवंती जेवत नाही हो. वरणभात ताटाखाली सारते. मी आज उचलून पाहिलं." मी म्हणालो, "अनसूया, हे वय असतं असं. तू तिच्या मागे लागू नकोस, अजून बिघडेल." ती म्हणाली, "तुम्ही एकदा बोला ना तिच्याशी." मी म्हणालो, "तुला काय वाटतं, मला माझी मुलगी कळत नाही?"

ती गेली. मी काय सांगणार होतो तिला? कसं कळलं म्हणून सांगणार होतो?

तू शाळेत प्रार्थनेच्या वेळी पडलीस. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" मी फक्त आईकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनीही मग तिच्याकडेच पाहिलं. तिनं मान खाली घातली आणि पदर बोटाला गुंडाळत राहिली. एकदाही म्हणाली नाही की मी यांना सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तू शुद्धीवर होतीस. आई तुझे पाय चेपत होती. तू पाय ओढून घेतलास आणि म्हणालीस, "तू कधी माझ्याकडे बघितलंच नाहीस." मी मोसंबीच्या रसाचा ग्लास धरून उभा होतो. तू माझ्याकडे हात केलास, आणि तो ग्लास तू माझ्या हातून प्यायलीस.

तेविसावं पत्र तू दवाखान्यातून लिहिलंस, अबोला सोडून भेटायला आलेल्या सोनिकाकडून टाकवलंस. विचारलंस, "दीदी, माँ को मेरी फ़िक्र कभी थी ही नहीं, सही है ना?"

त्याच्या उत्तराची कच्ची प्रत तुझ्याकडे आहे. मी तीन उत्तरं लिहून खोडली, ती खोडलेलीही आहेत. पाठवलं ते चौथं. "काही आया अशाच असतात, सोनपरी. तू त्यांना बदलू शकत नाहीस."

त्यानंतर तू लिहिणं बंद केलंस. तुला दीदीची गरज उरली नसावी. पुढं वीस वर्षं तू आईला फोनवर "तब्येत ठीक ना?" एवढं विचारायचीस आणि "बाबांना दे" म्हणायचीस. आई फोन माझ्याकडे द्यायची आणि तिथंच उभी राहायची, ऐकायला. मी फोन कानाला घट्ट धरायचो.

मी हे लपवलं असतं तरी चाललं असतं. तुला कच्च्या प्रतींवरून निम्मंच कळलं असतं. मी सांगतोय, याची काही किंमत आहे की नाही?

बाबा

४ ऑक्टोबर २०२५

अवंतिका,

दसरा झाला. तुझा साधा निरोपही नाही. ठीक आहे.

मग हे ऐक. श्रुती मला लिहिते. मे महिन्यापासून.

तू ते पुडकं तुझ्या कपाटात हिवाळ्याच्या कपड्यांखाली ठेवलंस. तेरा वर्षांची मुलगी घरात असताना असल्या जागी काही ठेवायचं नसतं. तिनं तेवीसच्या तेवीस पत्रं वाचली. माझी उत्तरंही वाचली. आणि मला फोनवर मेसेज केला, "आजोबा, ये दीदी आप थे?? सो कूल. मम्मीला सांगणार नाही. मला पण सांगाल ना?"

तू नंबर तुझ्या फोनवर बंद केलास. तिच्या फोनवर करायचं राहिलं.

पहिले दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी दिलं. सबंध वर्षात मला कुणी काही विचारलं नव्हतं. तिच्याकडे मासिक नाही, तिच्या हातात दिवसभर हजार मुलींचे फोटो असतात, आणि त्या सगळ्यांची मान अजून तशीच लांब आहे. प्रश्नही तोच. मला उत्तरं शोधावी लागली नाहीत.

ती शाळेच्या डब्याचं काय करते, तुला माहीत आहे? मला माहीत आहे. रविवारी मैत्रिणीकडे जेवते म्हणून सांगते तेव्हा कुठं असते, ते माहीत आहे? मला माहीत आहे.

शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीला बसलीस तर शनिवारी सकाळी इथं पोचशील. माझ्यासमोर बस. चहा घे. मग सगळं सांगतो. पत्रात लिहिणार नाही.

बाबा

१३ ऑक्टोबर २०२५

अवंतिका,

तू आलीस आणि गेलीस. कोण काय म्हणालं ते लिहून ठेवतो, कारण नंतर तू तुझ्या सोयीनं आठवशील आणि मी माझ्या.

तू दारातच म्हणालीस, "फोन." मी चहाचं विचारलं. तू म्हणालीस, "फोन द्या, बाबा." तू तो घेऊन आईच्या खुर्चीत बसलीस आणि बराच वेळ वाचत राहिलीस. मी समोर बसून होतो. तुझ्या कपाळाची शीर उडत होती, लहानपणी परीक्षेत उडायची तशी.

"'तुझ्या आईपेक्षा तुझी जिद्द मोठी आहे.' हे तुम्ही लिहिलंत?"

"प्रोत्साहन म्हणून."

"कशाला प्रोत्साहन?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"ती डबा कुणाला देते?"

मी सांगितलं. शाळेच्या फाटकाजवळच्या कुत्र्यांना. रविवारचंही सांगितलं, की ती मैत्रिणीकडे जातच नाही, बागेला फेऱ्या मारत राहते. तू डोळे मिटलेस. मग श्रुतीला फोन लावलास, आवाज मोठा केलास, आणि तो टेबलावर आपल्या दोघांच्या मध्ये ठेवलास. म्हणालीस, "सांगा तिला. तुमच्या तोंडानं."

मी सांगितलं. तू साक्षीला होतीस, मी काही राखून ठेवलं नाही. म्हणालो, "श्रुती, दीदी वगैरे कुणी नव्हती. मी होतो, कंटाळलेला माणूस. मला मुलींबद्दल काही माहीत नव्हतं. तुझ्या आईला मी जे लिहिलं ते खोटं होतं. तिचे पाय आपल्या लष्कर भागात सगळ्यात जोरात पळणारे पाय होते. मी पाहिलेत."

पलीकडून तिनं विचारलं, "मम्मी बगल में बैठी है ना?"

"हो."

"तो आप इसीलिए बोल रहे हो." तिचा आवाज अगदी शांत होता. "आजोबा, मी सगळी पत्रं वाचलीत. तुम्ही मम्मीला घाबरून बोलताय. दीदी झूठ नहीं बोलती थी. मम्मी पतली हुई थी ना? हुई थी."

"बेटा, ती मरायला टेकली होती."

"पर हुई थी ना," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी चाळीस वर्षं भाषा शिकवली. एका मुलीला मी खोटारडा आहे एवढं पटवता आलं नाही.

तू उठलीस. मला वाटलं आता मारशील. तू मला एवढंच विचारलंस, "तेवीस पत्रांत एकदा तरी वाटलं का, की सांगावं? आईला, कुणालाही?"

"एकविसाव्याला वाटलं."

"मग?"

"मग वाटलं, बाविसावं येईल."

तू हसल्यासारखं केलंस. बॅग उचललीस. दारात पाठमोरीच म्हणालीस, "फेब्रुवारीत आईनं मला फोन केला होता. तुम्ही बँकेत गेला होतात. म्हणाली, तेव्हा माझं लक्ष नव्हतं तुझ्याकडे, माफ कर गं. मी म्हटलं, असू दे आता." मग तू वळलीस. "मी तिला माफ केलं, बाबा. तिला. आणि ती 'बरं' म्हणाली."

मला हे माहीत नव्हतं. तिनं मला सांगितलं नाही.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत मी उभा होतो. आत आलो तर आईची खुर्ची तू बाहेर ओढलेली तशीच होती. मी ती जागेवर ढकलली नाही. मला आता पत्र लिहू नका, असं तू म्हणाली नाहीस, म्हणून लिहितो.

बाबा

९ नोव्हेंबर २०२५

अवंतिका,

काल जावईबापूंचा, शरच्चंद्रांचा, निरोप आला. चार ओळी. श्रुतीला दिवाळीनंतर दवाखान्यात दाखल केलंय, आता वजन वाढतंय, बुधवारी घरी सोडतील, आणि कृपा करून यापुढे आमच्या कुटुंबाशी संपर्क ठेवू नये. नवऱ्यानं लिहावं तसं नीट लिहिलंय. मी त्यांना दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. म्हणून हे पत्र लिहून त्याचा फोटो त्यांना पाठवतो. ते पुसून टाकण्याआधी वाचतील अशी आशा आहे.

त्या शनिवारी तू माझ्या फोनवर जे वाचलंस ते सगळं नव्हतं. तू येणार हे नक्की झाल्यावर, शुक्रवारी, मी त्यातला सप्टेंबर महिना पुसून टाकला होता. तू विचारलंस तेवढ्याचीच मी उत्तरं दिली. हे तू विचारलं नव्हतंस.

बुधवारी तिला सोडू देऊ नका. डॉक्टरांना आजच सांगा की काट्यावर जे वाढलेलं दिसतंय ते खरं नाही. काटा कसा फसवायचा हे तिनं शोधून काढलंय. शाळेतल्या तपासणीच्या वेळी तिनं ते एकदा करून पाहिलं, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि तिनं आनंदानं मला कळवलं. कसं ते मी वेगळ्या कागदावर लिहिलंय, तो कागद फक्त डॉक्टरांना दाखवा, घरात ठेवू नका. तिचं वजन घेताना कुणीतरी सोबत उभं राहा. ती रडेल, तुझ्यावर ओरडेल, 'तू माझ्यावर लक्ष ठेवतेस' म्हणेल. उभी राहा.

तिनं मला विचारलं होतं, आजोबा, मी हुशार आहे ना?

मी लिहिलं होतं, शाबास.

मधुसूदन